दाजींची बिनदाराची चौकट

आमचे दाजी पाय धुतल्याशिवाय कॉम्प्युटरसमोर बसत नाहीत. नुसतं पाणी ओतून नव्हे. टाचा घासायच्या, पंच्यानं बोटांच्या बेचक्या पुसायच्या, मगच माउसला हात. मी एकदा म्हणालो, "दाजी, कॉम्प्युटर हातानं चालतो."

"पन घरात पायानंच जायचं आसतंय न्हवं, पाव्हणं?"

घर म्हणजे पडद्यावरचं. मुलांचे एकमेकांत बसणारे प्लॅस्टिकचे ठोकळे असतात ना, तसे ठोकळे घेऊन कॉम्प्युटरवर हवं ते बांधायचा एक फुकट प्रोग्राम आहे. त्याच्याबरोबर सुट्या भागांचं भांडार येतं. विटा, खिडक्या, झाडं, घोडे, किल्ल्यांचे बुरूज, अंतराळवीरांची हेल्मेटं, जगभरच्या हौशी लोकांनी एकेक भाग मापात घडवून त्यात टाकलेला. त्यातून आमचे दाजी शनिशिंगणापुरातलं आपलं जुनं घर बांधतात.

दाजी मूळचे शिंगणापूरचे, म्हणजे घराला दार नसलेल्या गावचे. आणि धंदा काय केला? नगरमध्ये कुलपं-बिजागऱ्यांचं दुकान चालवलं. गिऱ्हाइकानं विचारलं, "भाऊ, यातलं पक्कं कुलूप कोणतं?" तर हे म्हणायचे, "कुलपाचं सोडा, शेजारी कसा हाय ते सांगा." तरी दुकान चाललं याचं मला आजही नवल वाटतं.

नगरातच सावेडीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, पण दाराला कडी घालणं त्यांना जमलंच नाही. कुणी बेल वाजवली की आतून आवाज यायचा, "उघडंच हाय, या!" दूधवाला, वीजबिलवाला, चुकून वरच्या मजल्याचं पार्सल आणणारा, सगळे थेट स्वयंपाकघरापर्यंत यायचे आणि चहा पिऊन जायचे. सोसायटीच्या सेक्रेटरीनं तक्रार केली तेव्हा तोही चहा पिऊन गेला.

आता त्या फ्लॅटला कुलूप असतं. ते मी लावायला लावलं.

मी फारसं बोलणारा माणूस नाही. शाळेत इंग्रजी शिकवतो, तिथं बोलून होतं तेवढंच. पण हे सांगितल्याशिवाय दाजी पुरते कळणार नाहीत. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, दाजींची बायको, गेली काही वर्षं विसरत चालली आहे. एकदा उघड्या दारातून निघाली ती पाइपलाइन रोडला जाऊन रिक्षावाल्याला "शिंगणापूरला सोड" म्हणत होती. रिक्षावाला ओळखीचा निघाला म्हणून बरं. मी त्या संध्याकाळी दाजींना नाही नाही ते बोललो.  दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातलं उरलेलं, आतूनही किल्लीनं फिरवायचं एक कुलूप आणून स्वतःच्या हातानं बसवलं. किल्ली बंडीच्या खिशात. तेव्हापासून रोज सकाळी तेलाची बुधली घेऊन त्या कुलपात तेल सोडतात. "धंद्याची खोड," म्हणतात.

दोघं घरात अडकली, ती माझ्यामुळे. मनाला लागलं होतं, म्हणून मी माझा जुना लॅपटॉप त्यांना नेऊन दिला आणि विरंगुळा म्हणून तो ठोकळ्यांचा प्रोग्राम घालून दिला. मला वाटलं, चार दिवस खेळतील.

दाजी त्यात शिरले ते शिरलेच. त्या प्रोग्राममध्ये वीट हवेत सोडली तर हवेतच राहते. दाजींना हे सहन होईना. "खालून आधार काय हाय?" म्हणत प्रत्येक वीट खालीवर फिरवून बघायचे. पुढे हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारू लागले. समोरच्या बिल्डिंगची नवी गॅलरी, टीव्हीवरचे पुढारी, माझ्या मुलाचा नोकरी सोडायचा बेत, सगळ्यांवर एकच, "लई झ्याक. पन खालून आधार काय हाय?"

भांडारात रांजण नव्हता. दाजींनी अंतराळवीराचं हेल्मेट उलटं ठेवलं, झाला रांजण. बुरुजाचं टोक अंगणात मांडून तुळशीवृंदावन केलं. गाय मिळाली, पण काळी-पांढरी. "ही जर्सी हाय. आमची खिलार हुती," म्हणून तिला रंग बदलेपर्यंत गोठ्याबाहेर उभं केलं.

आणि अक्का शेजारी बसू लागली. संध्याकाळ झाली की तिची घालमेल सुरू होते, "घरी जायचं, घरी जायचं." खऱ्या घरी नेऊन काही उपयोग नव्हता. तिथं आता भावकीची दुकानं आहेत, शटरची. एकदा नेलं होतं तेव्हा अक्का गाडीतून उतरलीच नव्हती. पण पडद्यावर रांजण दिसला आणि ती दाजींना म्हणाली, "आवं, तसंच काय आत चालला? आधी पाय धुवा." दाजी उठले, पाय धुऊन आले. तिचेही धुतले. तेव्हापासूनचा तो नेम. मग दाजी माउसनं तिला ओसरीवरून आत नेतात, चुलीपाशी, गोठ्यात, परत ओसरीवर. अर्ध्या तासात ती शांत होऊन जेवायला बसते.

अडचण होती ती चौकटीची. भांडारातल्या प्रत्येक चौकटीला बिजागरीची भोकं आणि जोडीला दार. दाजींनी बिनभोकांची, बिनदाराची चौकट स्वतः तयार केली. प्रत्येक भाग म्हणजे मापांच्या आकड्यांच्या ओळी असतात, त्या शिकून घेतल्या. एवढ्यावर थांबावं की नाही? नाही. ती भांडारात गेली पाहिजे.

"कशाला, दाजी?"

"उद्या दुसऱ्या कुनाला बिनदाराचं घर बांधायचं झालं तर?"

भांडारात नवा भाग घ्यायच्या आधी तो तपासला जातो. आमच्या वाट्याला आला नॉर्वेचा एक परीक्षक. त्यानं फार सभ्यपणे लिहिलं, भाग अपुरा आहे, बिजागरी आणि दार राहून गेलंय. मी वाचून दाखवलं. दाजी म्हणाले, "त्यांना लिवा, राह्यलं न्हाई. न्हाईच." मी लिहिलं. त्यानं विचारलं, मग थंडीचं काय? मग चोराचं काय? मग कुत्रं आत शिरलं तर? दाजी एकेकाचं उत्तर सांगायचे. "कुत्र्यासाठी फळी आडवी लावत्यात म्हनावं. आन् चोराला शनिदेव बघून घेत्यात." शनिदेव नॉर्वेला समजावताना माझ्या इंग्रजीला घाम फुटला.

शाळेत पेपर तपासणी सुरू होती आणि दाजींचा फोन यायचा, "काय म्हनला वो त्यो?" एके दिवशी मी वैतागलो. परीक्षकाला लिहून मोकळा झालो, तुमचं बरोबर आहे, दार राहिलं होतं, कृपा करून तुम्हीच घाला. त्या भल्या माणसानं घातलं, आणि चौकट भांडारात दाखल झाली. दाजींना मी एवढंच सांगितलं, "झाली मंजूर." त्यांनी सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले. मीही खाल्ला. 

भांडार नवं झालं की घरातले भागही आपोआप नवे होतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्या संध्याकाळी मी तिथंच होतो. दोघांचे पाय धुऊन झाले. दाजींनी घर उघडलं, आणि ओसरीच्या चौकटीत तपकिरी, चकचकीत, बंद दार.

अक्काचा चेहरा उतरला. "हे कुनाचं घर?"

"आपलंच की."

"आपल्याला दार कुठं हाय?" ती उठली आणि फ्लॅटच्या दाराची मूठ ओढू लागली. "मला घरी जायचं. आवं, घरी सोडा मला."

 मला राहवलं नाही. "दाजी, ते दार मी लावलंय. नॉर्वेवाल्याला मीच होय म्हणालो." आणि मग तोंडातून निघूनच गेलं, "हे इकडचंही मीच लावलं."

दाजी हसले. खरंच हसले. "पाव्हणं, आयुष्यभर दुकान चालवलं, पन दारं लावायची एवढी हौस आसलेलं गिऱ्हाईक न्हाई बघितलं." मग माउस माझ्याकडे सरकवला. "काढा आता. लावलं त्यानंच काढायचं."

एकेक दार निवडून मी पुसत गेलो. ओसरीचं, माजघराचं, गोठ्याचं. दाजींनी अक्काला हाताला धरून आणून बसवलं. मोकळ्या चौकटीतून चूल दिसली, कडेला उलटं हेल्मेट दिसलं. अक्कानं पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघितलं.

"अगं बाई, पक्या व्हय? बाहेर का उभा? ये की आत, उघडंच हाय."

मी उठून पाय धुऊन आलो.

परीक्षकाला त्याच बैठकीत खरं काय ते कळवलं, माफी मागितली. उत्तर लगेच आलं. चौकट पुन्हा बदलून घेतो म्हणाला, आणि खाली एक प्रश्न, दारच नसेल तर आलेला माणूस टकटक कशावर करतो? दाजींनी उत्तर सांगितलं, "हाक मारतो म्हनावं."

निघालो तेव्हा दाजी दारापर्यंत आले. मी बाहेर पडलो, दार लोटलं गेलं. एरवी मी तसाच उतरून जातो; त्या दिवशी मात्र कुलूप फिरल्याचा आवाज ऐकायला पायरीवर थांबलो. आवाज आलाच नाही. विसरले की काय म्हणून हलकेच ढकलून पाहिलं. कुलूप लागलेलं होतं. तेव्हा मला ती तेलाची बुधली आठवली.

आतून अक्काचा आवाज आला, "गेला का वो पक्या? दार लावलं का काय तुमी?"

"न्हाई गं," दाजी म्हणाले, "उघडंच हाय."