पूजेचा चार्ट

"कॉम्प्युटरला घाबरायचं नसतं गं. साहेब कोण आहे ते त्याला पहिल्याच दिवशी दाखवून द्यायचं असतं!" तीन दिवसांचा क्लास करून आल्या आल्या अच्युत गर्गेने बायकोला सांगितलं.

सुनंदाने त्याच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली आणि विचारलं, "नोकरी पक्की केव्हा होणार?"

बायका अशा वेळी नेमकं वर्मावर बोट ठेवतात. मिलच्या टाइम ऑफिसात अच्युतने अर्धं आयुष्य काढलं होतं. मग मिलला टाळं लागलं आणि इंदूरच्या सुदामा नगरातल्या त्या घरात वर्षभर कुणाचा डबा भरला गेला नाही. देशात उदारीकरण आलं, दुकानांत परदेशी वस्तू आल्या, पण चाळिशी उलटलेल्या टाइमकीपरला कुणी विचारीना. शेवटी दौलतराव बिल्डरांनी त्याला ठेवून घेतलं. सांवेरला एका सोयाबीनवाल्या शेठजींचं गोदाम बांधायचं होतं आणि ते काम कॉम्प्युटरवर चालवायची दौलतरावांना हौस आली होती.

"दसऱ्याला माल येतो. त्याच्या आत गोदाम झालं तर तुम्ही पर्मनंट," दौलतराव म्हणाले. "नाही तर रामराम."

कॉम्प्युटर आला तो नव्या सुनेच्या थाटात. सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या. गुरुजींनी मॉनिटरला हार घातला, माउसला गंध लावलं, नारळ फोडला आणि घड्याळाकडे बघत म्हणाले, "मुहूर्त टळतोय, पहिला कागद काढा लवकर."

गोदामाची एक ओळसुद्धा अच्युतने अजून भरली नव्हती. त्या प्रोग्रॅमबरोबर फक्त एक तयार नमुना आला होता: अमेरिकेतल्या कुणा साहेबाच्या बंगल्यामागचा पोहण्याचा तलाव. कोणतं काम, किती मापाचं, कधी सुरू, कधी संपणार, सगळं आडव्या पट्ट्यांनी दाखवलेलं. अच्युतने डोळे मिटून तोच छापला. प्रिंटर किंचाळू लागला तसे सगळ्यांनी हात जोडले. गुरुजींनी कागदावर भलंमोठं कुंकवाचं स्वस्तिक काढलं, तेही नेमकं मथळ्यावर. दौलतरावांनी चार्ट फ्रेम करून तडक सांवेरच्या साइटवर रवाना केला.

अच्युत काही अगदीच बेफिकीर माणूस नव्हता. आठवड्याभरात त्याने गोदामाचा खरा चार्ट तयार केला आणि सांवेरच्या बसच्या ड्रायव्हरहाती साइट सुपरवायझर मालोजींना पाठवून दिला. खरा पोचला की नमुना उतरवतील, एवढी साधी गोष्ट आहे, असं त्याला वाटलं.

पूर्वी दौलतराव दर मंगळवारी साइटवर जाऊन ओरडून यायचे. आता ते ऑफिसात खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसत. मालोजींचा फोन आला की अच्युत आकडा भरी, पट्टी निळी होई आणि दौलतराव खूश होऊन चहा मागवत.

"अच्युतजी, खुदाई झाली," मालोजींनी पहिली वर्दी दिली. "एका बाजूने चार फूट, दुसऱ्या बाजूने दहा. कागदावर आहे तशीच."

अच्युत जरा चपापला. पण सांवेरची काळी माती, पाया खोलच लागणार. "कागदावर आहे ना? मग बरोबर आहे," तो म्हणाला आणि पट्टी भरून टाकली.

महिन्याने पुन्हा फोन. खुशीत असले की मालोजी अच्युतला भैयाऐवजी इंदुरी 'भिया' म्हणत. "टाइल्स निळ्या पाहिजेत, भिया. ट्रकभर."

"संडासाच्या असतील."

"इतक्या?"

"शेठजी मोठे आहेत, मालोजी."

मग स्टीलची शिडी निघाली. पोत्यांची थप्पी उंच जाते, हमाल चढणार कसे, असं अच्युतने स्वतःच समजावून सांगितलं. त्यानंतर एक लांब, लवचिक फळी निघाली. हमालांना ट्रकवर चढायला फळी लागतेच, हेही त्यानेच समजावलं. एकदा मात्र त्याने धीर करून विचारलं, "छताचं काय?"

"छताचं काहीच काम बाकी नाही, भिया. टेन्शन मत लो."

तरी त्याला रात्री झोप लागेना. सुनंदा म्हणाली, "अहो, एकदा जाऊन बघून या ना."

"जाऊन बघायचं? मग कॉम्प्युटर कशाला घेतलाय?"

दसरा तोंडावर आला. स्क्रीनवर काम पूर्ण झालं होतं, तेही आठ दिवस आधी. दौलतरावांच्या कारकिर्दीत असं कधीच घडलं नव्हतं. त्यांनी शेठजींना गाडीत घातलं, अच्युतला पुढे बसवलं आणि सांवेर गाठलं.

उघड्या आभाळाखाली निळ्या टाइल्सचा एक प्रशस्त खड्डा चमकत होता. कडेला स्टीलची शिडी, टोकाला फळी. मालोजी अभिमानाने म्हणाले, "पूरा पावसाळा झेलला, साहेब. पाणी उपसायला दोन पंप लावले. एक थेंब झिरपला नाही."

शेठजींनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "गोदाम किधर है?"

मालोजींनी शेडमध्ये टांगलेल्या फ्रेमकडे बोट दाखवलं. चार्टला ताजा हार होता, खाली उदबत्ती जळत होती.

"अहो, मी दुसरा कागद पाठवला होता ना?" अच्युतने विचारलं.

"आला होता की. ठेवलाय जपून. पण पूजा पहिल्याची झालेली, अच्युतजी. बिनपूजेच्या कागदावर काम सुरू करायचं म्हणजे अपशकुनच की."

अच्युतला तो वर्षभर पालथा पडलेला डबा डोळ्यांसमोर दिसला. लपवण्यासारखं आता उरलंच नव्हतं. "साहेब, तो नुसता नमुना होता," तो म्हणाला. "त्या दिवशी मला तेवढंच छापता येत होतं."

दौलतरावांनी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजले. सोयाबीनचे पहिले ट्रक आले होते. वर परतीच्या पावसाचे ढग जमत होते. शेठजींनी ट्रकांकडे पाहिलं, ढगांकडे पाहिलं, मग बराच वेळ खड्ड्याकडे. शेवटी व्यापाऱ्याची जात!

"ऊपर टीन डलवा दो," ते म्हणाले.

ट्रक खाली होऊ लागले. एक हमाल पोतं पाठीवर घेऊन फळीच्या टोकावर गेला. फळी लवली, उसळली आणि पोतं अलगद दहा फुटी टोकाला जाऊन पडलं. शेठजींनी मान डोलावली. "ये सिस्टम अच्छा है."

परतताना इंदूरचे दिवे दिसल्यावर दौलतरावांनी विचारलं, "कॉम्प्युटर काय दाखवतोय?"

"पूर्ण. आठ दिवस आधी."

"राहू द्या तसंच. उद्यापासून पर्मनंट."

सुदामा नगरात सुनंदा दारातच उभी होती. बातमी ऐकून तिने आधी देवापुढे साखर ठेवली, मग नवऱ्याच्या हातावर.

"आणि गोदाम कसं झालंय हो?"

अच्युतने साखर चघळत बराच विचार केला.

"खोल," तो म्हणाला.