दोन मिनिटं उभं राहणं

धाकटा भाऊ मंगळवारी सकाळी अर्धी दाढी झालेली असताना गेला, आणि शनिवारी जादूगारांचं वार्षिक संमेलन होतं. भावजय म्हणाली, "दादा, तुम्ही जा. नुसतं कळवून येऊ नका. सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहिलं पाहिजे. तीस वर्षं यांच्या खेळात मला करवतीखाली बघितलंय त्यांनी, एवढं तरी करतील."

दादा निघाले. एकतीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत घालवलेला हा माणूस. भावाचा एकही प्रयोग त्यांनी पाहिला नव्हता. फसवणूक फुकट बघायलाही त्यांचा तात्त्विक विरोध होता. खिशात गोल शिक्क्याचा दाखला होता, त्यामुळे चिंता नव्हती. दाखल्यापुढे वाद घालणारा माणूस त्यांना आजवर भेटला नव्हता.

सभागृहाच्या दारात स्वागताला उभ्या असलेल्या जादूगाराला त्यांनी सांगितलं, "माझा भाऊ वारला." भाऊ कोण, तेही सांगितलं.

"यंदा कशानं?" त्यानं विचारलं.

"यंदा म्हणजे?"

"गेल्या वर्षी पेटीत गुदमरून गेला होता. त्याआधी पाण्याच्या टाकीत. चहा घ्या ना आधी."

दादा थेट अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष कोटात कबुतर बाळगून होते. ते बोलताना मधूनच त्यांची छाती घुमायची. त्यांनी दाखला उजेडापुढे धरला, शिक्का नखानं खरवडून पाहिला आणि आणखी दोघांना बोलावलं.

"काय काम आहे बघा. कागदसुद्धा अस्सल. कुठून मिळवलात?"

"कचेरीतून."

"म्हणजे आत कोणीतरी ओळखीचा आहे."

"मीच होतो तिथे. एकतीस वर्षं."

"मग प्रश्नच मिटला," अध्यक्ष बाकीच्यांना म्हणाले. "भावालाच हाताशी धरलंय पठ्ठ्यानं."

दादांनी घाम पुसला आणि भावजयीला फोन लावून तो सगळ्यांपुढे धरला. ती "गेले हो," एवढं म्हणाली आणि हुंदक्यांत बुडाली.

"बाई कसलेली आहे," एक जण हळूच म्हणाला.

"पण आवाज बसलाय या खेपेला. सराव जास्त झालेला दिसतोय."

शेवटी दादाच मंचावर चढले. भाषणाची सवय नव्हती. ते म्हणाले, "लहानपणी यानं माझी पाटी गायब केली, म्हणून मी याला बदडलं. त्यानंतर यानं मला एकही जादू दाखवली नाही. मंगळवारी याची उरलेली अर्धी दाढी मी केली. हनुवटीखाली कापलं. रक्त आलं नाही."

समोरच्यांनी माना पुढे काढल्या.

"हे नवीन आहे," मागून कोणीतरी म्हणालं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

दादांनी हात जोडले. "दोन मिनिटं उभे राहा. एवढीच विनंती."

सगळे एका क्षणात उभे राहिले. धंद्यातली माणसं ती. जे काही व्हायचं ते आताच होणार, हे ओळखून होती. कोणाची नजर पडद्यावर, कोणाची छताला, दोघे तर टेबलाखाली वाकून बघत होते.

दोन मिनिटं झाली. कोणी बसेना. चार झाली. सहा झाली.

"ताणतोय," अध्यक्ष पुटपुटले. "पण काय संयम आहे."

कोणी खोकलंसुद्धा नाही. कचेरीत दादांनी मोठमोठ्यांच्या शोकसभा पाहिल्या होत्या, त्यांत दीड मिनिटातच खुर्च्या वाजायच्या. आता 'बसा' म्हणणं त्यांचंच काम होतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मागचा पडदा हलला.

वर पंखा चालू होता, हे दादांना दिसत होतं. त्यांनी तोंड मिटलं आणि तेही पडद्याकडे वळून उभे राहिले.