नववे होऊ नका

आमच्या फ्रँकफर्टच्या इमारतीत वाघमारे सर कुणालाही 'गुड मॉर्निंग' म्हणत नाहीत. जिन्यात गाठ पडली की आधी तुमच्या गळ्याकडे बघतात, मग बटणांकडे, आणि विचारतात, "कोट? नववे व्हायचंय का?"

नववे म्हणजे अमेरिकेचे नववे राष्ट्राध्यक्ष. कडाक्याच्या थंडीत कोट न घालता शपथविधीचं लांबलचक भाषण ठोकलं आणि महिन्याभरात वारले, हा सरांचा लाडका सिद्धांत. सर अमेरिकन अभ्यासक्रमाच्या एका इंटरनॅशनल शाळेत चौथीला शिकवतात. तिथे दर वर्षी प्रत्येक मुलाला एकेक अध्यक्ष वाटून देतात. मुलांनी माहिती शोधायची, तक्ता करायचा आणि पालकांसमोर उभं राहून बोलायचं. सरांनी हे इतकी वर्षं केलंय, की त्यांना आता अध्यक्षांची नावं लागत नाहीत, नंबर पुरतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही ते तेच नंबर देतात. तळमजल्यावरच्या अबोल फ्राऊ बेकर 'तिसाव्या', कारण तिसावे मोजकंच बोलायचे. मी एकदा जर्मनी सोडून पुण्याला गेले आणि दोन वर्षांनी परत आले, म्हणून मी 'बावीस-चोवीस'. बाविसावे आणि चोविसावे एकच गृहस्थ होते, मधली टर्म घरी बसून आलेले.

दुसरं खूळ सोर्सचं. त्यांच्यासमोर काहीही बोललं की प्रश्न ठरलेला. मी एकदा म्हटलं, "आज पाऊस येणार सर."

"सोर्स?"

"माझे गुडघे."

सरांनी क्षणभर विचार केला. "प्रायमरी सोर्स आहे. चालेल."

सर मूळचे यवतमाळकडचे, झेडपीच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा गाजवलेले. ते पाणी फ्रँकफर्टला येऊनही आटलेलं नाही. त्यांच्या वर्गातली सोनेरी केसांची मुलं भाषण करताना तर्जनी वर करतात, योग्य जागी थांबतात आणि शेवटी इंग्रजीत म्हणतात, 'एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो.' एका इंजिनियर बापाने सरांना गंभीरपणे विचारलं होतं की मुलगा चांगला सात मिनिटं बोलला, मग दोन शब्द कसे? सर म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. पण आमच्याकडे दोनच धरतात." त्या गृहस्थाचं समाधान झालं नाही, पण त्याने वाद घातला नाही.

सर इथे एकटे राहतात. त्यांच्या मिसेस, सुनंदावहिनी, यवतमाळला असतात. दोन वर्षांपूर्वी मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाल्या. "वहिनी कधी येणार?" असं विचारलं की सर म्हणतात, "येईल. सामान बांधतेय." दोन वर्षं कोण सामान बांधतं, असा प्रश्न इमारतीतल्या आम्हा सगळ्या मराठी बायकांना पडायचा. व्हिसा एकदा झाला आणि त्याची मुदत संपूनही गेली.

दिवाळीत चकल्या द्यायला गेले तेव्हा त्यांच्या दारामागे बायकांचा एक मरून कोट टांगलेला दिसला. किमतीचं लेबल अजून बाहीला लटकत होतं. सर फोनवर बोलत होते. "घाई नको करू सुनंदा. तुझा दमा, इथली थंडी. जरा थंडी ओसरू दे." हेच वाक्य मी त्यांच्या तोंडून जुलैमध्येही ऐकलं होतं. थट्टा करायचं मनात आलं, पण त्या लेबलाकडे बघून चकल्यांचा डबा तिथेच ठेवला आणि निघाले.

यंदा माझी ईरा सरांच्या वर्गात आली. पोरगी घरी मराठी ऐकते आणि उत्तर जर्मनमध्ये देते, तेही एका शब्दात. चार माणसांसमोर तर तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. मागच्या वर्षी गॅदरिंगला ती पडद्यामागे रडली होती आणि मग महिनाभर शाळेत जाताना पोट दुखतंय म्हणायची. आता अध्यक्षांवरचं भाषणही असंच फसलं तर ती कायमची मिटून जाईल, अशी मला धास्ती होती. त्यात सरांनी तिला नेमके नववे दिले.

मी सरांना जिन्यातच गाठलं. "अहो सर, महिन्याभराच्या माणसावर ती काय बोलणार?"

"ताई, पुस्तकात आहे ते पुस्तकाला माहीतच आहे. पोरीला शोधू द्या ना."

ईराने शोधलं. लायब्ररीतून पुस्तकं आणली, कागद छापले, जेवताना वाचत बसली. काय सापडलं विचारलं की म्हणायची, "निश्त्स," म्हणजे काही नाही. मीही नाद सोडला.

मार्चमध्ये कार्यक्रम झाला. ईरा पुढे आली आणि गप्प उभी राहिली. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. मी पदराशी खेळावं तशी पर्सची चेन उघडबंद करत होते. सर शेवटच्या रांगेत उभे होते. ईराने त्यांच्याकडे पाहिलं आणि हळूच तर्जनी वर केली.

"नववे अध्यक्ष कोट न घातल्यामुळे वारले नाहीत," ती इंग्रजीत म्हणाली.

वर्गातल्या सगळ्या मुलांच्या माना सरांकडे वळल्या.

"ते आजारी पडले ते भाषणानंतर तीन आठवड्यांनी. आताचे डॉक्टर म्हणतात, बहुधा पिण्याचं पाणी खराब होतं."

"सोर्स?" मागून आवाज आला.

ईराने दोन कागद वर धरले. "दोन आहेत."

सरांनी मान डोलावली. ईराचा आवाज आता जरा मोठा झाला. "त्यांची बायको त्यांच्याबरोबर नव्हती. तिला बरं नव्हतं, म्हणून थंडीत प्रवास नको, मे महिन्यात ये, असं ठरलं होतं. ते गेल्याचा निरोप आला तेव्हा ती सामान बांधत होती."

या वेळी सरांनी सोर्स विचारला नाही.

"एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवते," ईरा म्हणाली आणि टाळ्या पडल्या. मला रडू आलं आणि त्याची लाजही वाटली नाही. लेकीला कवटाळण्याच्या नादात सर कधी बाहेर गेले ते मला कळलंच नाही.

आम्ही निघालो तेव्हा ते शाळेच्या अंगणात गार वाऱ्यात फोन कानाला लावून उभे होते. अंगात कोट नव्हता.

"सुनंदा, थंडीचं मी तुला चुकीचं सांगत होतो," ते म्हणत होते. "माझा सोर्स कच्चा होता. तू ये."

आम्ही दोघी आवाज न करता फाटकातून बाहेर पडलो.

महिन्याभराने सर जिन्यात भेटले. कोटाबद्दल एक अक्षर नाही. "ताई, व्हिसा झाला. मेच्या पहिल्या आठवड्यात येतेय ती."

मी काही बोलायच्या आत माझ्यामागून ईराने विचारलं, "सोर्स?"

सरांनी खिशातून फोन काढून तिच्यापुढे धरला. तिने तिकीट नीट वाचलं. नाव, तारीख, नागपूर, मुंबई, फ्रँकफर्ट. मग तिने फोन परत दिला आणि चक्क मराठीत म्हणाली, "सर, काकूंना सांगा, सामान थोडंच बांधा."