जगतापांच्या निऱ्या

मला आयुष्यात एकाच माणसाने साडी नेसवली आहे, आणि तो माणूस म्हणजे आमचे शेजारी मोहनराव जगताप. बडोद्याच्या कारेलीबागेत आमची दारं समोरासमोर आहेत. साडी मी पँटवरच नेसलो होतो, हे आधीच सांगून ठेवतो, कारण सोसायटीत भलतंच पसरलं आहे.

जगतापांचे पूर्वज बडोदे संस्थानच्या फौजेत होते. हे स्वतः एका कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त झालेत. फौजेतलं त्यांच्यात काही उरलं असेल तर ते एवढंच, की मदत मागणं म्हणजे शरण जाणं. नळ गळो, पंखा बंद पडो, बाहेरचा माणूस बोलवायचा नाही. केससुद्धा स्वतःच कापतात. मागची बाजू कशी जमते, असं मी एकदा विचारलं. "एमां शुं? दोन आरसे घ्यायचे," म्हणाले. 'एमां शुं' म्हणजे 'त्यात काय', हे गुजराती त्यांचं सगळ्यावरचं उत्तर आहे. ते पाठमोरे झाले की त्यात बरंच काही आहे हे कळतं.

त्यांची बायको गेली तेव्हा मुलगी गौरी बालवाडीत होती. शेजारणी तिची वेणी घालून द्यायला तयार होत्या, पण जगतापांनी दाराच्या कडीला सुतळी बांधली आणि तिच्यावर सराव करून वेणी शिकून घेतली. घालायचे मात्र कारखान्यातल्या दोरखंडासारखी आवळून. लहानपणच्या सगळ्या फोटोंत गौरी चकित झालेली दिसते, ती त्या वेणीमुळे.

तर ही गौरी यंदा रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि पदवीदानाचं बोलावणं आलं. पोशाख भारतीय हवा, असं विद्यापीठाने कळवलं होतं. गौरी म्हणाली, पंजाबी ड्रेस घालते. जगताप म्हणाले, साडी. ती साडीला कबूल झाली, आणि मग रंगावरून पेच पडला. जगतापांची कसोटी एकच होती. पालकांना मागे बसवणार, तेव्हा शेवटच्या रांगेतून दिसली पाहिजे.

एका रविवारी त्यांनी बिल्डिंगमधल्या बायकांच्या साड्या गोळा केल्या, आमच्या गच्चीवरच्या दोरीला टांगल्या, मला तिथे उभं केलं आणि स्वतः समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर गेले. तिथून फोनवर सूचना सुरू झाल्या. डावीकडची हलवा. ती नव्हे, तुमची डावी. आता ती घेऊन चालून दाखवा. शेवटी माझ्या हातातली झेंडूच्या रंगाची साडी पसंत पडली.

गौरीने ती पाहिली आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, मी पदवी घ्यायला जातेय. पुढे रस्त्याचं काम चालू आहे, हे सांगायला नाही."

मग घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतल्या दुकानातून सायीच्या रंगाची साडी आणली, काठ तेवढे रुंद झेंडूचे. फॉल जगतापांनी स्वतः लावला. टाके इतके घट्ट, की साडी फाटेल पण फॉल निघणार नाही.

नेसवायचं काम माझ्या बायकोने, सुनंदाने, आपणहून मागितलं. "एमां शुं, वहिनी? मी नेसवतो," असं म्हणून त्यांनी तिलाच वाटेला लावलं. मोबाइलवर बघून शिकले. पण सराव कुणावर करायचा? गौरी दिवसभर नोकरीवर, कंपनीच्या प्रयोगशाळेत, आणि तिच्यापुढे चुकायचं त्यांना नव्हतं. तिची आणि माझी उंची सारखी निघाली, हा माझा दोष नाही.

मग रोज दुपारी सुनंदाची एक जुनी साडी मला गुंडाळली जाऊ लागली. निरी पडली की जगताप मागे सरकून एक डोळा मिटून ती ओळंब्यात आहे का बघायचे, आणि नसली की सगळं सोडायचे. एकदा मी असा उभा असताना बेल वाजली. दाराशीच होतो, उघडलं. पार्सलवाला फोनमध्ये बघत म्हणाला, "बेन, ओटीपी आपो." मग त्याने वर पाहिलं. माझ्या मिशा पाहिल्या. पदर पाहिला. ओटीपी घेतला आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने गेला.

समारंभाच्या दिवशी सकाळी जगताप आमच्या दारात उभे राहिले. "वहिनी, जरा येता का?" म्हणाले.

या दारात त्यांनी आजवर साखरसुद्धा मागितली नव्हती. सुनंदाने गॅस बंद केला आणि तशीच निघाली. काहीतरी घोळ झाला असणार म्हणून मीही मागोमाग गेलो.

गौरी आरशासमोर उभी होती. सुनंदा तिच्याभोवती फिरली, वाकून निऱ्या पाहिल्या, खांद्यावरची पिन चाचपली. हात लावायला कुठे जागाच नव्हती.

"सगळं झालंय की," ती म्हणाली. "अडलंय कुठे, भावजी?"

जगतापांनी जमिनीकडे पाहिलं. "अडलं नाही. नीट झालंय ना, तेवढं बघायला बोलावलं." मग म्हणाले, "वेण्या घातल्या, फ्रॉक शिवले. शाळेत सोडायला निघालो की रोज वाटायचं, बरं दिसतंय का हे कुणाला विचारावं? घरात तिसरं माणूस नाही. आणि हिला विचारलं की ही हो म्हणायची."

गौरीने आरशातूनच बापाकडे पाहिलं.

"सुरेख दिसतेय," सुनंदा म्हणाली. "इतकी चापूनचोपून मलासुद्धा जमली नसती."

जगतापांनी मान हलवली. नेहमीचं 'एमां शुं' येईल म्हणून मी थांबलो होतो, पण ते आलं नाही. उलट त्यांनी स्वतःच्या शर्टाची कॉलर ओढून सरळ केली. तोही घरी शिवलेलाच. "आणि हा चालेल का?"

सुनंदाने तो खालीवर न्याहाळला. "नाही," ती म्हणाली. "हा नको."

त्यांचा चेहरा असा खुलला, की मला वाटलं यांनी नीट ऐकलं नसावं. पण ते लगबगीने आत गेले आणि दुसरा घालून आले. सुनंदाने तोही नको म्हटला. तिसऱ्या, पांढऱ्या शर्टाला ती हो म्हणाली. एव्हाना खाली रिक्षा येऊन थांबली होती आणि गौरीने पर्स खांद्याला अडकवली होती. तेवढ्यात जगताप आतून आणखी एक शर्ट घेऊन आले.

"वहिनी, हाही एकदा बघून घ्या," म्हणाले.

गौरीने घड्याळाकडे पाहिलं आणि निऱ्या सांभाळत खुर्चीवर बसली.