लाल झेंड्यांचा कारखाना

बहात्तर साली पुण्याहून मॅनेजमेंटचा कोर्स करून परतलो, तेव्हा नागापूरचा आमचा पंपांचा कारखाना महिन्याभरात सुधारतो की नाही बघ, असं मी बायकोला, दयाला, सांगून ठेवलं होतं. माहिती वेळेवर मिळाली की निर्णय आपोआप बरोबर येतो, हे मी मालकांना, राधाकृष्णशेठना, पटवलं.

योजना सोपी होती. प्रत्येक मशिनपाशी दोन झेंडे. काम चालू असेल तर हिरवा, माल संपला तर लाल. लाल दिसला की मी ताबडतोब माल पाठवणार. माझी केबिन आवारापलीकडे, म्हणून झेंडे लांब बांबूंना बांधून शेडच्या खिडक्यांतून बाहेर काढायला लावले.

लाल लावणाऱ्याला माल आधी मिळतो, हे लेथवरच्या कानिफनाथनं पहिल्या तासातच ओळखलं. माल भरपूर असतानाच त्यानं लाल लावला. त्याचं बघून शेजाऱ्यानं लावला. दुपारी हिरवा झेंडा औषधालाही उरला नाही. मग खरी गरज कोणाची, हे कसं कळणार? मी नवा नियम काढला: ज्याचं काम खरंच अडलंय त्यानं झेंडा जोरात हलवायचा.

सगळ्यांनीच हलवला!

नेमकी त्याच वेळी शेठची गाडी फाटकाशी आली. सोबत कोल्हापूरचं एक मोठं गिऱ्हाईक होतं. खिडक्याखिडक्यांतून फडफडणारे लाल झेंडे बघून शेठनी गाडी तशीच वळवली आणि पोलीस चौकी गाठली.

नागापुरात संप झाल्याची बातमी नगरात पसरली. आपल्याला न विचारता संप झाला म्हणून कारभारी नावाचे युनियनचे पुढारी सायकल हाणत आले आणि फाटकावर भाषण सुरू केलं. ते ऐकायला सगळे कामगार बाहेर आले. मशिनं बंद पडली. माझे झेंडे त्या दिवशी प्रथमच खरं बोलत होते.

शेठ पोलीस घेऊन आले. मी धावत जाऊन म्हणालो, "शेठ, हा संप नाही. ही माहिती आहे."

"मग ती आधी खाली उतरवा," शेठ म्हणाले.

पण रिकाम्या हातानं परतायला कारभारी तयार नव्हते. "आलोच हाय, तर कायतरी द्या," म्हणाले. गिऱ्हाइकासमोर शोभा नको म्हणून शेठनी दोन वेळचा चहा लगेच कबूल केला. इतक्या झटपट मिटणारा संप गिऱ्हाइकानं पाहिला नव्हता. खूश होऊन त्यानं ऑर्डर दिली.

संध्याकाळी कारभारी कामगारांना घेऊन माझ्या दारात आले. त्यांनी माझ्या गळ्यात हार घातला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "सायेब, म्होरल्या संपाची तारीख बी तुमीच सांगा."

समोरच्या ओट्यावर शेठचे मेहुणे पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली ठेवला.