अवशेष शून्य

कार्यालयातल्या चारशे बारा कर्मचाऱ्यांचा 'संपूर्ण माणूस' म्हणून अभ्यास करायचं ठरलं, आणि बदलीच्या अर्जावर 'गट क्रमांक' हा नवा रकाना उगवला. नेमकी आवक-जावकच्या बाईंना बदली हवी होती. परगावी एकट्या राहणाऱ्या धाकट्या बहिणीची नजर जात चालली होती. गॅस पेटवताना बिचारीने दोनदा हात भाजून घेतला होता.

अभ्यासाला मानसशास्त्राचे डॉक्टर आले. म्हणाले, जुने संशोधक राग वेगळा मोजत, माया वेगळी मोजत, मग सगळ्यांची सरासरी काढून जगात नसलेल्याच माणसाबद्दल बोलत. आम्ही माणूस अख्खा घेतो. बाईंना फार बरं वाटलं. त्यांना आजवर अख्खं कुणी घेतलंच नव्हतं, हयात असताना नवऱ्यानेसुद्धा.

ब्याऐंशी प्रश्न झाले. संगणकाने सारखी उत्तरं देणारी माणसं एकत्र करून तीन गट पाडले. गट एक, आपण कुठल्याच साच्यात बसत नाही असं मानणारे: एकसष्ट टक्के. गट दोन, कुटुंबवत्सल. गट तीन, एकांतप्रिय. बाई एकट्याच कुठे बसेनात. त्यांच्यापुढे 'अवशेष' असा शेरा पडला, आणि अवशेषाच्या बदलीची नियमात तरतूद नव्हती.

बाई तणतणत गेल्या. डॉक्टर सज्जन, त्यांनी आधी खुर्ची दिली.

"तुम्ही लिहिलंय, बहिणीशिवाय करमत नाही. पुढे लिहिलंय, ती राहायला आली की कधी एकदा जाते असं होतं."

"खरंच आहे ते."

"खरं असेल हो बाई. पण असं दुसऱ्या कुणीच लिहिलेलं नाही."

अख्खा माणूस गटात मावत नसेल तर थोडा कमी करावा लागतो, हे त्यांनी शांतपणे समजावलं. बाईंनी दुसरं उत्तर खोडलं आणि त्या कुटुंबवत्सल झाल्या.

आठवड्याभरात अर्ज परत आला, नामंजूर. कुटुंबवत्सल कर्मचाऱ्यांना राहत्या घरापासून दूर धाडणं अमानुष असल्याचं अभ्यासातूनच सिद्ध झालं होतं. "पण इथे माझं आहे कोण?" बाईंनी विचारलं. तो प्रश्न ब्याऐंशींत नव्हता.

अहवालाचं खूप कौतुक झालं. शेवटच्या पानावर ठळक छापलंय, 'अवशेष: शून्य'. हे वाचून ज्यांना बाईंची दया आली आणि आपण बुवा असल्या गटाबिटांत बसणारे नव्हे असंही वाटलं, त्यांनी काळजी करू नये. त्यांची नोंद गट एकमध्ये झालेली आहे.