झोपण्याचा क्रम

झोपणे ही एकट्याने उरकण्याची गोष्ट नाही, हे माणसाला फार उशिरा कळते.

त्या घरात ते कळले एका मंगळवारी, सकाळी पावणेनऊला. तोवर कुणी उठलेच नव्हते, कारण कुणाला कुणी उठवले नव्हते. गृहस्थ शर्ट विचारायला स्वयंपाकघरात गेले, तिथे बायको दिसेना म्हणून खोलीत परतले, आणि हलवायला गेले तर तिचा हात गार.

गृहस्थ अठरा वर्षे कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, कॉम्प्युटर झोपवण्याचे काम करत. पद्धत आदर्श आहे. लॅपटॉपचे झाकण मिटले की आधी प्रत्येक भागाला विचारायचे, तयारी आहे ना? एकाने जरी नकार दिला, मग तो माऊस का असेना, तरी सगळ्यांची झोप रद्द (इतकी लोकशाही एरवी पाहायला मिळत नाही). मग आश्रित यंत्रे आधी झोपतात. ज्याच्या जिवावर ती चालतात, ते मूळ यंत्र सर्वांत शेवटी. उठताना उलटे, मूळ यंत्र सर्वांत आधी. प्रत्येकाची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंदली जाते. बारा सेकंदांत उत्तर आले नाही, तर पहारेकरी बोंब मारतो. हा पहारेकरी म्हणजे एक प्रोग्रॅम, गृहस्थांनीच लिहिलेला. त्याबद्दल त्यांना काचेचे मानचिन्ह मिळाले होते, ते बायको पुसत असे.

घरातही हाच क्रम तंतोतंत पाळला जाई. पहारेकरी तेवढा नव्हता. कधी तक्रारच आली नव्हती.

चार दिवसांनी गृहस्थ मृत्यूच्या दाखल्यासाठी खिडकीवर गेले.

"वेळ?" कारकुनाने विचारले.

"पावणेनऊ."

"ती कळल्याची. मला झाल्याची हवी. डॉक्टरांनी नुसतं 'झोपेत' लिहिलंय. झोपेत ही काय वेळ झाली, साहेब?"

"अंदाजे..."

"अंदाजाला रकाना नाही. घरी विचारून या."

घरी मुलीनेच विचारले. "बाबा, लवकर कळलं असतं तर काही करता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. तुम्ही शेजारीच होतात ना?"

"होतो."

"मग?"

"अगं, तो कसा बघणार?" आजी लेकाच्या मदतीला धावली. "त्याला उठवायला नको का कुणी?"

गृहस्थांनी लॅपटॉपची नोंद काढली. त्या रात्री ते काम करता करता झोपले होते. झाकण बायकोने मिटले. बारा वाजून सतरा मिनिटे, नऊ पूर्णांक चारशे दोन सहस्रांश सेकंद. त्यानंतर कीबोर्ड, माऊस, पडदा, पंखा, सगळ्यांच्या वेळा होत्या.

खिडकीवर कारकुनाने नोंदीचा छापील कागद उलटसुलट पाहिला. "ही झाकणाची वेळ आहे. बाईंची कुठंय?"

आपल्या घरात शेवटी कोण झोपते आणि नेमके किती वाजता, हे ज्या वाचकांना ठाऊक आहे त्यांनी या माणसाला खुशाल हसावे. दाखल्यावरचा रकाना अजून भरायचा आहे.